घोडं बुजतंय? चाबूक बाजूला ठेवा, आधी हे वाचा

शहादा | प्रतिनिधी

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत राजस्थान, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. यात्रा उठली की आपल्या तालुक्यात गावोगावी एक-दोन नवे घोडे दिसायला लागतात. कुणी हौसेखातर घेतो, कुणी लग्नाच्या वरातीसाठी, कुणी पोरांच्या हट्टापायी. आणि मग महिनाभरात फोन सुरू होतात. "भाऊ, घोडं बुजतंय हो. बाजारात तर गरीब गाय होतं. आता ट्रॅक्टर दिसला की उधळतं. विकून टाकू का?"

मला फोन येतात, कारण चार वर्षांपूर्वी मीच असा फोन लोकांना करत फिरत होतो. त्यात मी जी चूक केली ती दुसऱ्या कुणी करू नये, म्हणून हा लेख.

पपईच्या शेतातलं पांढरं कापड

मी घेतली ती घोडी होती. कुमेत रंगाची, पाच वर्षांची. ८५ हजारांना सौदा झाला. डोक्यात सरळ हिशोब होता, लग्नसराईत वरातीचं भाडं मिळेल आणि दोन हंगामात पैसे निघतील. बाजारात पोरं तिच्या पोटाखालून जात होती, तरी हलत नव्हती. घरी आणल्यावर आठ दिवस शांत होती. नवव्या दिवसापासून तिनं खरं रूप दाखवलं. कोंबडी उडाली की दचकायची. मोटार सुरू झाली की दोर ताणायची.

तिसऱ्या आठवड्यात माझा सतरा वर्षांचा पुतण्या तिच्यावर बसून बांधावरून निघाला. शेजारच्या शेतात पपईच्या रोपांवर क्रॉप कव्हर टाकलेलं होतं. वारा आला आणि कापडाचं एक टोक फडफडलं. घोडी जागच्या जागी उलटी फिरली. पोरगं पाइपलाइनच्या व्हॉल्व्हवर पडलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात.

मला राग आवरला नाही. मी घोडीला ओढत पुन्हा त्याच कापडापाशी नेलं आणि दोरानं मारलं. "आता भी, आता भी," म्हणत मारलं. हे लिहायला आजही जड जातं, पण खोटं कशाला बोलायचं?

त्यानंतर ती सुधारली नाही, उलट बिघडली. आधी कापडाला भ्यायची, आता मलाही भ्यायला लागली. मी म्होरकी घेऊन गेलो की थरथर कापायची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "हे खोटं जनावर आहे, काढून टाका."

त्याच सुमाराला आमच्या शेतात एका ठेलारी कुटुंबानं मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांच्याकडे तीन तट्टं होती. त्यांच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, कोकरं, अंथरुण-पांघरुण असं अख्खं घर बांधलेलं असायचं, पण तट्टं निवांत. त्यांच्यातले म्हातारे बाबा दोन दिवस माझ्या घोडीकडे नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, ती कापडाला भ्याली. तुम्ही कापडापाशी नेऊन मारलं. आता तिला पक्कं झालं, की कापड खरंच मारतं."

मी चहाचा कप हातात घेऊन गप्प बसलो. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

घोडं का बुजतं?

बैल घाबरला तर आधी शिंग रोखतो. घोड्याला शिंग नाही. हजारो पिढ्या मोकळ्या माळावर वाघ-लांडग्यांपासून घोडा वाचला तो पळून वाचला. आधी पळायचं, मग मागं वळून बघायचं काय होतं ते. जो घोडा विचार करत थांबला तो खाल्ला गेला. म्हणून बुजणं ही घोड्याची खोड नाही, तो त्याचा जीव वाचवायचा मार्ग आहे. काही घोड्यांत हे कमी असतं, काहींत जास्त. जास्त असलेल्या घोड्याला आपण "बुजरं" म्हणतो.

त्याच्या डोळ्या-कानाची रचनाही समजून घेतली पाहिजे.

डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, ३६० पैकी साधारण ३५० अंश. फक्त दोन जागा दिसत नाहीत. एक कपाळाच्या अगदी समोर, दुसरी शेपटीच्या बरोबर मागे. आपल्याकडे म्हणतात ना, साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, त्याचं कारण हेच. मागून अचानक हात लागला तर त्याला तुम्ही दिसलेलेच नसता.

हलणारी वस्तू त्याला लगेच जाणवते, पण ती नक्की काय आहे हे आपल्याइतकं स्वच्छ दिसत नाही. म्हणून स्थिर उभ्या ट्रॅक्टरपेक्षा फडफडणारी पिशवी जास्त भयंकर. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्याला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गोठ्याच्या दारात घोडं अडून बसतं, त्याला हट्टी म्हणू नका. त्याला आतलं दिसत नसतं. जरा थांबा, मग ते आपोआप येतं.

आणखी एक. जाताना डाव्या हाताला जो दगड त्यानं बघितला, तोच येताना उजव्या हाताला दुसऱ्या बाजूनं दिसतो. आपल्याला वाटतं, "आत्ताच तर बघितला होता, नाटक करतंय." नाटक नाही, त्याला ती वस्तू वेगळी वाटते. म्हणून कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी दाखवावी लागते.

कानाचं सांगायचं तर आपल्याला ऐकू येत नाहीत असे बारीक, उंच पट्टीचे आवाज घोड्याला ऐकू येतात. तुम्हाला काहीच नसताना तो दचकला, तर कदाचित तुमच्याच कानाला कमी येत असेल.

आधी दुखणं तपासा

बुजऱ्या घोड्याला शिकवायच्या आधी एक काम करा. त्याला कुठं दुखत तर नाही ना, हे बघा. दुखणारं जनावर लवकर घाबरतं.

पाठ : मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकं दाबत जा. एखाद्या जागी घोडं पाठ खाली दबवत असेल, कान मागे टाकत असेल, तर खोगीर लागतंय. खोगिराचा भार मणक्यावर पडता कामा नये, दोन्ही बाजूंच्या मांसावर पडला पाहिजे.

तोंड : घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि पुढे सरकत राहतात. दाढांना धारदार कडा येतात आणि गाल सोलला जातो. लगाम ओढला की डोकं उडवणाऱ्या घोड्याचे दात डॉक्टरांकडून बघून घ्या. काटेरी लगाम तर वापरूच नका. १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांबाबतच्या नियमांनुसार त्याला मनाईच आहे. तोंड फाटलेलं घोडं माणसावर विश्वास ठेवणार कसं?

खूर आणि डोळे : नाल सैल आहे का, खुरात खडा अडकलाय का, डोळ्यात पांढरा डाग आहे का, हे रोज बघा. एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर घोडं त्याच बाजूनं बुजतं.

चारा : पुष्कळ लोक घोड्याला भरपूर हरभरा चारतात आणि दिवसभर खुंट्याला बांधून ठेवतात. अंगात रग, पायाला काम नाही. मग संध्याकाळी बसलं की ते उधळणारच. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला निदान पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. दाणा कामाप्रमाणे द्यावा. काम नसेल तर दाणा कमी, चारा जास्त.

झोप आणि सोबत : घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं पडावं लागतं. जागा ओली असेल, दोर आखूड असेल किंवा भीती वाटत असेल तर तो आडवा पडत नाही. झोप न झालेलं जनावर चिडकं होतं. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटा बांधला तर चोवीस तास पहारा त्यालाच द्यावा लागतो. दुसरा घोडा नसेल तर शेजारी गाय, शेळी तरी असू द्या. आमच्या घोडीला एका शेळीनं जेवढं शांत केलं तेवढं मी पहिल्या महिन्यात केलं नाही.

शंका असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. खिळा लागला, जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. धनुर्वात घोड्याला लवकर होतो.

पहिले पंधरा दिवस पाठीवर बसूच नका

ठेलारी बाबांनी मला पहिलं काम दिलं ते ऐकून मला हसू आलं. म्हणाले, "रोज सकाळी तिच्यापाशी जा, बस आणि परत ये. काही मागू नको."

मी पाटीवर बसायचो. मोबाइल घरी ठेवायचो. पहिले दोन दिवस ती दोराच्या टोकाला तोंड फिरवून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी एक कान माझ्याकडे वळला. पाचव्या दिवशी तिनं माझ्या टोपीचा वास घेतला. मी हात लावला नाही. बाबांचं सांगणं होतं, "ती येईपर्यंत आपण जायचं नाही." घोडं स्वतःहून जवळ येतं तेव्हाच ते निम्मं शिकलेलं असतं.

जवळ जाताना सरळ तोंडासमोरून जाऊ नका, मागूनही नको. खांद्याच्या बाजूनं, जरा तिरकं, आवाज देत जा. पहिला हात कपाळावर टाकू नका. मान संपते आणि पाठ सुरू होते, म्हणजे आयाळीच्या शेवटाला जो उंचवटा असतो, तिथं खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात. तिथं खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे शास्त्रज्ञांनी मोजून बघितलंय. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवली की लागते. तुम्हीही मोजून बघा.

मग दोर धरून चालवायला शिकवा. यातली खरी गोम अशी, की घोडं ओढल्यानं शिकत नाही, सोडल्यानं शिकतं. दोराला हलका ताण द्या आणि थांबा. त्यानं एक पाऊल टाकलं की लगेच दोर ढिला सोडा. लगेच म्हणजे त्याच क्षणी. त्याला कळतं, "पाऊल टाकलं की ताण जातो." तुम्ही पाऊल टाकल्यावरही ओढतच राहिलात, तर त्याला कळतं, "काहीही केलं तरी हा माणूस ओढतोच." मग ते जोर लावतं, आणि जोरात आपण त्याला कधीच हरवू शकत नाही.

चालणं, थांबणं, मागे सरणं, मागचे पाय बाजूला घेणं, डोकं खाली करणं, या पाच गोष्टी जमिनीवरून जमल्या की मगच खोगीर काढा. रोज वीस मिनिटं पुरे. चांगलं झालं की तिथंच थांबा. "अजून एकदा" करत बसलात की बिघडतं.

भीती घालवायची कशी?

आता कापडाकडे येऊ. यासाठी दोन माणसं लागतात. एकानं घोडं धरायचं, दोर ढिला ठेवायचा, बांधायचं नाही. दुसऱ्यानं लांब काठीला पिशवी लावून पंचवीस-तीस पावलांवर उभं राहायचं आणि पिशवी हलकी हलवायची.

घोड्याकडे बघा. कान टवकारले, मान वर गेली, पण पाय जागेवर आहेत, म्हणजे अंतर बरोबर आहे. पाय हलले तर तुम्ही फार जवळ आहात, मागे जा. पिशवी तेवढीच हलवत राहा. थोड्या वेळानं घोडं मान खाली सोडेल, फुर्र करून श्वास सोडेल, तोंड चावल्यासारखं करेल. त्याच क्षणी पिशवी खाली. ते शांत झालं म्हणून पिशवी गेली, हे त्याला समजलं पाहिजे. घोडं उडाल्यावर पिशवी थांबवलीत तर उलटा धडा जातो, "उडालं की संकट टळतं."

मग दोन पावलं जवळ. परत तेच. दुसऱ्या बाजूनंही तेच. एका दिवसात संपवायची घाई नको.

आणखी एक सोपी युक्ती आहे. घोडं ज्याला भितं त्याच्या मागे चाला. पुतण्यानं पिशवी घेऊन पुढे चालायचं आणि मी घोडी घेऊन मागे. जी गोष्ट आपल्यापासून लांब जाते तिची भीती कमी वाटते. चार दिवसांत घोडी पिशवीच्या मागे मागे जाऊन वास घ्यायला लागली.

खुंट्याला घट्ट बांधून अंगावर पिशव्या टाकायच्या, जवळ फटाके फोडायचे, "सवय होईल," असं म्हणायचं, हे कुणी शिकवलं तर ऐकू नका. घोडं दमून गप्प उभं राहतं, पण ते शांत नसतं, हरलेलं असतं. असं घोडं एखाद्या दिवशी गर्दीत फुटतं आणि माणूस जातो.

ही नवी अक्कल आहे असंही नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफोन नावाच्या ग्रीक लष्करी माणसानं घोड्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं सांगितलंय, की रागात घोड्याशी वागू नये. घोडं ज्या वस्तूला भितं तिला आधी आपण हात लावून दाखवावा आणि मग घोड्याला हळूच जवळ न्यावं. मारलं तर भीती आणखी वाढते. शाळेत न गेलेले आमचे ठेलारी बाबा आणि हा ग्रीक माणूस यांचं सांगणं एकच निघालं.

तुमची भीती दोरातून जाते

स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही माणसांना घोडा धरून किंवा त्याच्यावर बसून ठरलेल्या वाटेनं ये-जा करायला लावलं. शेवटच्या फेरीला सांगितलं, की आता घोडा जाताना एकजण छत्री उघडणार. माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले. घोड्यांचेही वाढले. गंमत म्हणजे छत्री उघडलीच नाही. घोड्याला छत्रीचं काही माहीत नव्हतं. त्याला कळली ती माणसाची भीती.

म्हणून बुजऱ्या घोड्यावर बसणाऱ्यानं आधी स्वतःला बघायचं. समोर ट्रॅक्टर दिसला की आपण काय करतो? श्वास रोखतो, लगाम आखडतो, मांड्या आवळतो. घोड्याला वाटतं, "मालकही घाबरला, म्हणजे खरंच काहीतरी आहे." वर मांड्या आवळणं म्हणजे त्याच्या भाषेत "पळ." तोंडानं थांब म्हणतो आणि पायानं पळ म्हणतो. मग दोष कुणाचा?

पाठीवर बसल्यावर

हेल्मेट घाला. मोटारसायकलचं का असेना, घाला. पायात टाच असलेला बूट हवा, चप्पल रिकिबीत अडकते. पाय रिकिबीत फक्त पंजापर्यंत घाला, म्हणजे पडलात तर पाय सुटतो. दोर किंवा लगाम हाताला गुंडाळू नका. आपल्याकडे ही सवय फार आहे आणि तीच जिवावर बेतते.

नवा रस्ता असेल तर आधी पायी चालत घोडं त्या रस्त्यानं फिरवून आणा. पहिल्यांदा बसताना शक्य असेल तर सोबत एक जुनं, शांत घोडं घ्या. बुजरं घोडं माणसापेक्षा घोड्यावर आधी विश्वास ठेवतं.

वाटेत काही दिसलं आणि घोडं थबकलं तर टाच मारू नका. त्याला उभं राहून बघू द्या. तुम्ही श्वास सोडा, मोठ्यानं सोडा, खांदे खाली टाका, आणि त्या वस्तूकडे बघू नका, पुढच्या रस्त्याकडे बघा. बोलत राहा. मी तर शेताचा हिशोब तिला ऐकवतो. ते शांत झालं की हलका इशारा करून पुढे. जात नसेल तर उतरा, पुढे होऊन चालवत न्या. उतरण्यात कमीपणा नाही.

उधळायला लागलंच, तर दोन्ही लगाम एकदम ताणू नका. तसं केलं की काही घोडी मागच्या पायांवर उभी राहतात. सुरुवातीलाच, वेग वाढायच्या आत, एका बाजूचा लगाम हळूहळू आखडून घोड्याचं तोंड बाजूला वळवा आणि गोल फिरवा. गोल फिरताना वेग आपोआप पडतो. भरधाव वेगात मात्र एकदम वळवू नका, घोडं तुम्हाला घेऊन कोसळेल. हा वळणाचा धडा आधी उभ्याउभ्या, मग चालताना, मग दुडकीत रोज करून घ्या. ऐनवेळी शिकवता येत नाही.

वरातीला नेताना

आता मुद्द्याचं. वरातीत घोड्याच्या दोन्ही बाजूंनी गर्दी, मागे डीजे, पुढे फटाके, डोळ्यावर लेझरचे झोत, आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला नवरदेव. त्यात मांडीवर लहान पोर. बुजऱ्या घोड्यासाठी याहून वाईट जागा नाही.

मालकांना विनंती, बुजरं घोडं भाड्यानं देऊ नका. दोन-तीन हजारांसाठी कुणाच्या घरचा मांडव सुना करू नका. शांत घोडं असलं तरी डोक्यापाशी ओळखीचा माणूस हवा, आणि सौदा ठरवतानाच सांगा : घोड्याच्या मागे डीजे नाही, जवळ फटाके नाहीत, लहान मूल नाही. वऱ्हाडी मंडळींनाही विनंती, घोडं नाचत नाही म्हणून त्याला डिवचू नका. नोटा ओवाळताना त्याच्या डोळ्यापुढे हात फिरवू नका.

बाजारात घेताना

एकदा बघून सौदा करू नका. प्रवासानं थकलेलं, उपाशी-तहानलेलं घोडं गरीबच दिसतं. आज बघा, उद्या सकाळी चारा-पाणी झाल्यावर परत बघा. मालकाला बसून दाखवायला सांगा, मग चारही पाय उचलून बघा. कानाजवळ हात न्या, पाठ दाबा. अंगावर जुने वळ, तोंडाच्या कडेला पांढरे डाग असतील तर ते मारलेलं घोडं आहे. मारलेलं घोडं सुधारतं, पण वेळ लागतो. तो वेळ तुमच्याकडे आहे का, हे स्वतःला विचारा. रक्ततपासणीचा दाखला मागाच. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो.

आमच्या घोडीचं काय झालं?

चार महिने लागले. मेंढ्या पंधरा दिवसांत पुढच्या गावाला गेल्या, पण बाबांनी सांगितलेलं मी करत राहिलो. आज ती ट्रॅक्टरच्या शेजारून जाते. क्रॉप कव्हर फडफडलं की कान टवकारते, थांबते, माझ्याकडे एक कान करते. मी "चल" म्हटलं की चालते. बुजणं संपलं नाही. संपणारही नाही, तिचा स्वभावच तो आहे. फरक एवढाच, की आधी ती भ्याली की पळायची, आता भ्याली की मला विचारते.

वरातीला मी तिला एकदाही दिली नाही. ८५ हजारांचा हिशोब बसला नाही तो नाहीच. घरचे अजून टोमणे मारतात.

पुतण्या मात्र आठ महिने तिच्याजवळ फिरकला नव्हता. ती त्याला भ्यायची आणि तो तिला. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुऊन झाल्यावर तोच म्हणाला, "काका, घोडीलाही धुऊ का?" मी हो म्हटलं आणि मुद्दाम बाजूला झालो. त्यानं बादली ठेवली, खांद्याच्या बाजूनं गेला, आवाज दिला आणि आयाळीच्या शेवटाला खाजवत उभा राहिला. घोडीनं मान खाली सोडली.

तुमच्या दारात बुजरं घोडं असेल तर आज संध्याकाळी चाबूक खुंटीला टांगा, एक पाटी उलटी घाला आणि त्याच्यापाशी नुसते बसा. काही मागू नका. कान वळतो का बघा.